बुडाला जाळ, डोक्याला गारवा

पार्सलची दोरी कापून गोणपाट उलगडला तसा अंगरूप दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "शालन, तुझ्या बापानं बाँब पाठवलाय."

"गप बस. बाँबला पाती असतात व्हय?"

आत आबांच्या जुन्या खाकी शर्टाचा तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेला वीतभर उंचीचा लोखंडी डबा. डब्याच्या डोक्यावर पितळेचं चाक, चाकाला पुढच्या बाजूनं चार पाती. वायर नाही, पिन नाही, सेल घालायला जागा नाही. मी शर्टाचा तुकडा नाकाशी धरला. लेथच्या तेलाचा वास आला, आणि मला एकदम रडू फुटलं. सात वर्षांत बापाकडून आलेली ती पहिली वस्तू होती.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही हिमाचलातल्या लाहौलात, केलाँगच्या पलीकडच्या गावात राहायचो. अजूनही तिथंच राहतो. अंगरूप शेतकी कॉलेजला म्हणून कोल्हापुरात आला, आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत चार वर्षं राहिला, आणि जाताना मला घेऊन गेला. त्याची मराठी मिसळवाल्याकडं शिकलेली. आजही भांडताना तो माझ्यापेक्षा चांगला कोल्हापुरी बोलतो.

आबांनी भांडण मात्र केलं नव्हतं. मी एकुलती एक, आई मी चार वर्षांची असताना गेलेली. उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपात, लोखंड कातायच्या लेथशेजारी पाटावर बसून मी पाढे पाठ केले. त्या माणसाला मी लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यानं लेथकडं तोंड केलं आणि एवढंच म्हटलं, "जा." मीही त्यांचीच पोर. गेले. पत्रं लिहायची ती बाबालालचाचांच्या घरी. बाबालाल मुल्ला म्हणजे आबांचा तीस वर्षांचा जोडीदार, शेजारच्या मशीनवर काम करणारा. त्यांच्या बायकोला, हाजराचाचीला, मी सगळं कळवायची आणि मनात म्हणायची, कुणीतरी त्या म्हाताऱ्याच्या कानावर घालेल.

आमची पोरगी मेतोक झाली त्या वसंतात मी चाचीला लिहिलं होतं, की इथं घरात लोखंडी तंदूर असतो, त्यात लाकडं घालायची, धूर नळकांड्यातून बाहेर जातो. पण ऊब हातभर अंतरावर संपते. पोट भाजतं आणि पाठ गारठते. पोरीचा पाळणा जवळ ठेवावा तर ती तापते, लांब ठेवावा तर निळी पडते. येता हिवाळा कसा काढायचा, कळत नाही.

त्याचं उत्तर म्हणजे हा डबा. बरोबर वहीचा अर्धा कागद होता. अक्षर मोठं, ओळ तिरकी गेलेली.

"बुडाला जाळ. डोक्याला गारवा. तेल घालू नये. हिंदुराव लोहार."

आबा नाही, वडील नाही, आशीर्वाद नाहीत. गिऱ्हाइकाला देतात तशी चिठ्ठी. मला हसू आलं.

सप्टेंबर होता, पण सकाळी डबक्यावर बर्फाची साय धरायला लागली होती. आम्ही तंदूर पेटवला, डबा वर ठेवला आणि समोर बसलो. पाच मिनिटं काही नाही. मग आत कुठंतरी टक झालं. अंगरूपनं बोटानं चाकाला जरासा धक्का दिला, आणि पाती फिरायला लागली. आधी सावकाश, मग दिसेनाशी झाली. आवाज म्हणाल तर शिवणयंत्राचा शेजारच्या घरातून येतो तेवढा.

"कशावर चालतंय हे?" अंगरूप खाली वाकून वायर शोधायला लागला.

मला ठाऊक होतं. आबा उमेदवारीत असताना त्यांच्या उस्तादाबरोबर एका इनामदाराच्या घरी रॉकेलच्या दिव्यावर चालणारा पंखा दुरुस्त करायला गेले होते. वीज यायच्या आधीची चीज. ती गोष्ट मी लहानपणी पन्नास वेळा ऐकलेली. डब्याचं बूड तापलं आणि डोकं गार राहिलं, की आतली हवा फुगते, आखडते, दट्ट्या खालीवर होतो आणि चाक फिरतं. दट्ट्या इतका नेमका बसायला लागतो, की केसभर जाड झाला तर अडकतो आणि केसभर बारीक झाला तर हवा निसटते.

अर्ध्या तासात पाळण्याच्या कोपऱ्यात ऊब पोचली. मेतोकनं दुलईतून दोन्ही हात बाहेर काढले. पाच महिन्यांची पोर, घरात पहिल्यांदाच असे हात पसरून झोपली.

"आजच पत्र टाक," अंगरूप म्हणाला. "लिही, आबा, जोरात चालतोय."

मी कार्ड घेतलं, पेन घेतलं, आणि बसून राहिले.

"काय झालं?"

"चालतो म्हणून लिहिलं तर काय होईल? आबा वाचतील, 'हं' म्हणतील आणि कार्ड खिशात घालतील. झालं. परत सात वर्षं."

"मग?"

"चालत नाही म्हणून लिहिते."

अंगरूपला आधी कळलंच नाही. मी त्याला सांगितलं, की आबा माणूस सोडतील, अबोला सोडणार नाहीत, पण स्वतःच्या हातचं बंद पडलेलं मशीन त्यांना झोप येऊ देत नाही. मी सहावीत असताना त्यांनी बसवलेला गुऱ्हाळाचा चरक गडहिंग्लजजवळ बंद पडला. निरोप आला तेव्हा अंगात ताप होता. पुढ्यातलं ताट तसंच सारून आबा एस्टीला गेले आणि चरक फिरल्यावरच परतले.

"ते येतील बघ," मी म्हणाले. "पिशवीत पान्हे घालून, शिव्या देत येतील. आणि एकदा या पोरीला मांडीवर घेतलं, की पुढचं मी बघते."

"खोटं बोलून बोलवायचं?"

"बापाला बोलवायचं. त्यात कसलं आलंय खरंखोटं?"

"शालन, माझं ऐक. म्हातारा माणूस. त्यांना बरं वाटेल असं लिही आणि खाली 'या' म्हण. सरळ."

"'या' म्हटलं तर ते येणारेत व्हय? तुला माझा बाप ठाऊक नाही."

हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हणाले होते. मी कार्डावर लिहिलं, "ती. आबांस शि. सा. न. पंखा मिळाला. पंखा चालत नाही. शालन." वर आणखी शहाणपण केलं. 'चालत नाही' खाली रेघ ओढली.

त्या दिवसापासून रोज दुपारी मनालीची बस यायच्या वेळेला मी मेतोकला पाठीशी बांधून थांब्यावर जायची. बटाटे काढायची घाई होती, सासूबाई कुरकुर करायच्या, पण मी जायची. मी अंगरूपला बजावून ठेवलं होतं, की बस दिसली की आधी पळत घरी जा आणि पंखा तंदूरवरून उतरवून ठेव. तेवढं नाटक तर पाहिजेच. दसरा गेला. दिवाळी गेली. नोव्हेंबरात रोहतांगवर बर्फ पडला, घाट बंद झाला, बस थांबली, टपाल थांबलं.

सगळा हिवाळा पंखा फिरत राहिला. एकदाही अडला नाही. मला बापाचा राग यायचा. म्हटलं, मी माझ्या बापाला चुकीचं ओळखलं. आपल्या हातचं मशीन बंद पडलेलंसुद्धा ज्याला चालतं, त्याला पोरीचं काय?

मे महिन्यात घाट उघडला आणि पहिल्याच टपालात बाबालालचाचांचं कार्ड आलं. जानेवारीत टाकलेलं. हिंदुरावला अर्धांगाचा झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, दृष्टी तर आधीच गेली होती, निघून ये.

दृष्टी आधीच गेली होती. हे मला कुणी कळवलं नव्हतं.

मेतोकला सासूबाईंकडं ठेवलं. निघताना अंगरूपनं पंखा दुलईच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिला. "हा ने. त्यांच्यासमोर चालवून दाखव. आणि खरं सांग," म्हणाला. एका शब्दानंही मला टोचून बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात उतरले. वळीव आला नव्हता, नुसतं तापत होतं. आबा पुढच्या खोलीत बाजेवर होते. एवढा दांडगा माणूस, आडवा पडल्यावर बाज अर्धी मोकळी राहिली होती. डोळ्यांत दुधासारखे पांढरे मोतीबिंदू. उशाशी बाबालालचाचा वारा घालत बसलेले.

"हिंदुराव, कोण आलंय बघ."

मी पायाला हात लावला. आबांनी डावा हात माझ्या पंज्यावर फिरवला, बोटं चाचपली. "शालन," म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते. "हात खरबरीत झालेत."

"बटाटे काढते आबा."

"पोरगी?"

"बरी आहे. तुमच्यासारखी हट्टी आहे."

ते हसले. अर्धंच तोंड हसलं. मला वाटलं, आता बोलून टाकावं, परत धीर होणार नाही.

"आबा, मी खोटं लिहिलं होतं. पंखा चालतो. पहिल्या दिवसापासून चालतो. तुम्ही यावं म्हणून मी तसं लिहिलं."

वारा घालणारा चाचांचा हात थांबला. मग आबा हळूच म्हणाले, "तुझी आईबी अशीच होती. माझ्या हातची भाकरी करपायची, मीच म्हणायचो करपली. ती म्हणायची, न्हाई वो, झकास झालीय."

"आबा, देवाशपथ."

"देवाला कशाला मधी घेतीस."

मी उठले. स्वयंपाकघरातून गॅसची शेगडी ओढून खोलीच्या दारात आणली, तवा चढवला, दुलईतून पंखा काढून तव्यावर ठेवला. हाजराचाची कोपऱ्यावरच्या रसवंतीतून माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आली होती. "आधी घोटभर पी की गं," म्हणाली. मी पेला शेगडीशेजारी ठेवून दिला. म्हटलं, आधी पंखा.

टक झालं. चाक हललं.

"चाललं," चाचा म्हणाले. "हिंदुराव, चाललं बघ."

आबांनी डावा हात उचलून पुढं धरला, तळवा पंख्याकडं करून. लहानपणापासून बघितलेलं ते. तयार झालेल्या मशीनसमोर ते असाच हात धरायचे. मी त्यांचं मनगट धरून हात पात्यांसमोर नेला. पाती दहाबारा वेळा फिरली असतील. मग सावकाश झाली. मग थांबली. मी बोटानं चाक ढकललं. अर्धा फेरा झाला आणि परत थांबलं. गॅस मोठा केला. जाळ तव्याच्या कडेनं वर यायला लागला, डबा वरपर्यंत तापला, माझं बोट पोळलं, पण चाक हलायला तयार नाही. मला घाम फुटला होता. डोकं चालत नव्हतं.

आबांचा हात तसाच होता, हवेत, वाट बघत. शेवटी चाचांनी तो धरून खाली ठेवला.

"उतरव," आबा म्हणाले. "दट्ट्या धरतोय. मला ठाऊक होतं."

"नाही आबा, तिथं आख्खा हिवाळा चाललाय. इथं उकडतंय म्हणून..."

"पोरी, मशीनला सबबी नसत्यात." मग म्हणाले, "तू आलीस न्हवं. बास झालं. आता माझं मन राखायला खोटं बोलू नगो."

माझं खोटं त्यांनी खरं धरलं होतं आणि माझं खरं त्यांना खोटं वाटलं. मी काय करणार होते? दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "आबा, परत एकदा बघूया का?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

रक्षाविसर्जन झालं. पाचव्या दिवशी दुपारी चाचा म्हणाले, "चल, त्याचं सामान तुझ्या ताब्यात देतो." आम्ही उद्यमनगरात गेलो. पंखा माझ्या काखेत होताच, तो मी घरात ठेवू शकत नव्हते.

शटर वर गेलं. लेथ जागच्या जागी होता. त्याला झेंडूचा हार घातलेला, वाळून काळा पडलेला.

"हा हार कधीचा?"

"खंडेनवमीचा."

आमच्याकडं खंडेनवमीला मशीनला हार घालतात. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. दसरा झाला की हार काढायचा आणि पहिलं काम धरायचं. इतकी वर्षं मी बघत आले होते.

"काढलाच न्हाई त्यानं," चाचा म्हणाले. "तुझं कार्ड मी वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं. मी म्हटलं, न्हेताना कुठंतरी आपटला असंल, आपण सहा तास चालवून बघितला होता की आखाडातल्या गारठ्यात. तो म्हणाला, न्हाई, हात गेला माझा. त्या वर्षी दोन ठिकाणांहून त्याचा माल परत आला होता शालन, माप चुकलं म्हणून. डोळ्यांनी दिसत नव्हतं. तो दट्ट्या त्यानं नुसत्या बोटांनी चाचपून केला. चार टाकून दिले, पाचवा बसवला. म्हणाला, बाबालाल, हा चालला तर माझा हात अजून शाबूत हाय. न्हाई चालला तर मशीनला हात लावायचा न्हाई."

मी खाली बसले. लहानपणीचा पाट तिथंच होता.

"चाचा, मी आबांना सांगितलं ते खरं होतं. पंखा चालत होता."

या वेळी चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांना पटलं. ते वाकले आणि लेथखालून एक रेक्झिनची बॅग ओढून माझ्यापुढं ठेवली.

"उघड."

वर एक माकडटोपी होती, कोरी. लोकरीचे पायमोजे. फडक्यात बांधलेले तान्ह्या पोरीचे चांदीचे वाळे, घुंगरांचे. आणि तळाशी पान्हे.

"श्रावणापासून भरून ठेवलेली. माझ्या मागं लागून मनालीपातूर गाडी कशी जाती ते इचारून घेतलं. मी म्हणायचो, जा की मग, कशाची वाट बघतोस? तर म्हणायचा, 'पंखा चालतो म्हणून पोरीचं कार्ड येऊ दे, दुसऱ्या दिवशी निघतो. सात वर्षांनी दारात जायचं, तर आपलं काहीतरी चाललेलं आत पाहिजे.'" चाचांनी डोळे पुसले. "आणि कार्ड आलं ते असं. मी म्हटलं, आता तरी जा, दुरुस्त करून ये. म्हणाला, 'कुठल्या तोंडानं जाऊ?'"

मी वाळे हातात घेतले. घुंगरं वाजली. मेतोक आता वर्षाची झाली होती, वाळे तिच्या पायात चढले नसते.

चाचा पंखा हातात घेऊन उलटापालटा करत होते. एकदम थांबले. "शालन, चिठ्ठीत काय लिहिलं होतं त्यानं? मीच कागद दिला होता वहीचा."

"बुडाला जाळ. डोक्याला गारवा. तेल घालू नये."

चाचा पंखा बाकावर ठेवून बाहेर गेले. येताना रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणला, फडक्यात धरून. कोळशाची शेगडी फुंकली, तिच्यावर जाड पत्रा टाकला, जाळ कडेनं वर येऊ नये असा. पत्र्यावर पंखा ठेवला आणि बर्फ डब्याच्या डोक्याला, चाकाच्या खाली, लावून फडकं गुंडाळलं.

टक झालं. चाक फिरलं. पाती आधी मोजता येत होती, मग दिसेनाशी झाली.

मला तो रसाचा पेला आठवला. शेगडीशेजारीच ठेवला होता मी. त्यात दोन मोठे खडे बर्फाचे होते आणि आबांचा हात हवेत होता.

चाचांनी तळवा पात्यांसमोर धरला, आबा धरायचे तसा. मग माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. वारा लागत होता. लेथवरच्या हाराच्या पाकळ्या हलत होत्या.

"चालतोय रे हिंदुराव," चाचा लेथकडं बघून म्हणाले.

बर्फ संपेपर्यंत पंखा चालला.